कोपऱ्यातला गोळा

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ चढली आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधून जे वजन सोडतात, तो ओळंबा. हा माणूस ते वजन कायम खिशात बाळगायचा, म्हणून ते नाव पडलं. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, तरी चहा येईपर्यंत दारापाशी उभा राहून एक डोळा मिटायचा आणि चौकट कुठल्या बाजूला कलली आहे ते घरच्यांना सांगायचा. त्याला दुसऱ्यांदा चहाला बोलावणारी घरं त्यामुळे कमीच होती. त्याचं त्याला काही वाटत नसे. चौकट कलली होती ती होतीच.

उमेदीची सगळी वर्षं त्यानं भिंती बांधण्यात घालवली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा थापी धुतली, पुसली, तेलाचा हात लावून पेटीत ठेवली आणि तो घरी बसला. नेमका कुठे बसला, तर बायकोच्या वाटेत. तिला ओट्याकडे जायचं असलं की हा मध्ये, कपडे वाळत घालायला जायचं असलं की हा मध्ये.

थंडी नुकती सुरू झाली होती. एका संध्याकाळी लेकाचा फोन आला. लेक लांबच्या मोठ्या शहरात नोकरी करत होता. फोन बायकोनं घेतला.

"आई, बाबा दिवसभर करतात काय?"

"करतात की."

"म्हणजे बसून असतात. मग इकडेच या ना दोघं. तुमच्यासाठी खोली रिकामी करून ठेवली आहे. थंडी संपली की मी न्यायला येतो. आता नाही म्हणू नकोस."

लेकाचं मन चांगलं होतं, हीच तर पंचाईत होती. त्याच्या त्या घरी दोघं एकदा राहून आली होती. तिथे खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी, आणि त्या खिडकीत उभी असलेली बाई हिच्याकडे बघून आपली खिडकी लावून घ्यायची. बायकोला तिथे स्वयंपाकघरात कुणी हात लावू देत नसे, "आई, तुम्ही आराम करा" असं म्हणत. आराम करून करून ती आजारी पडायची बाकी राहिली होती. ओळंब्यानं तर न्हाणीघरातल्या फरश्या बोटानं वाजवून बघितल्या, पोकळ वाजल्या त्या काढून ठेवल्या आणि नीट बसवायला सिमेंट मागितलं. सून तेव्हा नेमकी अंघोळीला निघाली होती. पुढचे दिवस त्याला सोफ्यावर बसवण्यात आलं. लादी पुसणारी आली की तो पाय वर घ्यायचा, ती गेली की खाली ठेवायचा. तेवढंच त्याला काम होतं.

हे सगळं बायकोच्या डोळ्यांपुढून सरकलं आणि ती बोलून गेली, "बसून कुठे असतात? फोटो काढतात ते."

"बाबा? कसले?"

"पक्ष्यांचे. तळ्यावर जाऊन. रोज."

असं काही ती ठरवून म्हणाली नव्हती. खिडकीतून गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं तळ्याकडून परत येताना दिसली, एवढंच. त्या वेळी भाजीवाला दिसला असता, तर ओळंब्याला भाजी विकावी लागली असती.

लेक हरखला. वडिलांना काही नाद लागला असेल तर त्यांना इथून उपटून न्यायला नको, असंही म्हणाला. "आलो की फोटो बघतो. खरंच जम बसला असेल, तर मी परत न्यायचं नाव काढणार नाही." आणि आठवड्याच्या आत त्यानं आपला जुना कॅमेरा पाठवून दिला, नळकांड्यासारख्या लेन्ससकट आणि तीन पायांच्या तिकाटण्यासकट.

खोक्यातून कॅमेरा निघाला तेव्हा ओळंब्यानं बायकोकडे बघितलं.

"मी काय करतो म्हणून सांगितलंस?"

"फोटो काढता."

"मी?"

"आता काढा. का जायचंय सोफ्यावर पाय वर घ्यायला?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मफलर गुंडाळून तळ्यावर गेला. पाणी ओसरून काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यात बगळे उभे होते. फोटो काढणारे चारपाच जण कापडी आडोशांत दबा धरून बसले होते. ते मातकट कपडे घालून आले होते आणि कुजबुजत बोलत होते. त्यांचा म्होरक्या दातांचा डॉक्टर होता.

ओळंब्यानं कॅमेरा तिकाटण्यावर चढवला, त्यावर बुडबुड्याची लेव्हलपट्टी ठेवली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत तिकाटण्याचे पाय खालीवर करत राहिला. बुडबुडा मधोमध आला तेव्हा बगळे गेलेले होते. त्यानं जे समोर होतं त्याचा फोटो काढला.

घरी बायकोनं तो बघितला. "पाणी छान आलंय."

"एका रेषेत आहे. मोजून बघ."

"पक्षी कुठेय?"

"होता."

असं बरेच दिवस चाललं. पाणी रोज छान यायचं. शेवटी तळ्याचा राखणदार त्याच्याशेजारी येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, पक्षी माणसाला घाबरतात, भिंतीला नाही. तुम्ही असे उघड्यावर उभे, त्यात तुमचा मफलर लाल. आडोसा करा काहीतरी."

डॉक्टरनं आपल्याकडचं जास्तीचं कापड देऊ केलं. ओळंब्यानं ते दोन बोटांत धरून बघितलं आणि परत दिलं. वाऱ्यानं हलतं त्याला तो आडोसा मानत नसे. भिंत म्हणजे जिला पाठ टेकता येते ती.

काठावर जुन्या पंपघराचा पाया होता आणि त्यावर गुडघ्याएवढी भिंत शिल्लक होती. बाकीच्या विटा गवतात पडल्या होत्या.

"इथे बांधायला बंदी आहे," राखणदार म्हणाला.

"आणि दुरुस्तीला?"

राखणदारानं डोकं खाजवलं. दुरुस्तीबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

ओळंब्यानं पेटी उघडली. थंडीत वीट हातात घेणं काय असतं ते घेतल्याशिवाय कळत नाही. दवानं भिजलेली वीट बोटांतून ऊब ओढून घेते, आणि चार विटा लावून होईतो बोटं आपली राहत नाहीत. त्यानं प्रत्येक विटेला चिकटलेला जुना चुना खरवडून काढला. सिमेंट-वाळूचा माल स्वतः कालवला, घमेलं स्वतः उचललं, गुडघे कुरकुरले तेव्हा त्यांना शिव्या दिल्या. गारठ्यात माल उशिरा धरतो, म्हणून घाई केली नाही. भिंती झाल्या. समोर पाण्याच्या बाजूला कॅमेऱ्यापुरता झरोका ठेवला. सळया बांधून वर छोटा स्लॅब ओतला, आणि लेन्सवर दव पडू नये म्हणून तोच झरोक्यावर हातभर पुढे काढून छज्जा केला. मागच्या बाजूला पत्र्याचं दार लावलं. आतून बाहेरून गिलावा केला. सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं.

पक्ष्यांनी हे सगळं लांबून पाहिलं. माणसांनी जवळून पाहिलं. एक गृहस्थ झरोक्याशी येऊन पाणी कमी दाबानं येतं म्हणून तक्रार करून गेले. दुसरे नुसतेच घाईनं आले, दार ढकललं, आत कॅमेरा धरून बसलेला माणूस पाहिला आणि माफी मागून झुडपांकडे गेले.

ओळंबा आत बसू लागला. समोरच्या उथळ पाण्यात मासे होते, आणि माशांमुळे तिथे एक खंड्या यायचा. निळाशार, मुठीएवढा, चोच अंगापेक्षा जड. अडचण एवढीच की तो वरून पडायचा. झरोक्यासमोर निळं काहीतरी सपकन पाण्यात जायचं, मासा घेऊन वर उडायचं आणि ओळंब्याचं बोट दाबलं जाईपर्यंत पाण्यावर वर्तुळं उरायची. वर म्हणजे कुठे जातो, हे त्याला कळेना. त्यानं समोरचे सगळे बोरू, सगळे खुंट धुंडाळले. खंड्या कुठेच बसलेला दिसेना.

"आज काय?" बायकोनं विचारलं.

"वर्तुळं."

"कालही वर्तुळंच होती."

"आजची जास्त गोल आहेत."

तशात त्याला दुसरंच एक काळजीचं कारण सापडलं. सूर्य त्याच्या पाठीमागून उगवायचा, त्यामुळे सकाळी त्याच्या खोपटाची सावली समोरच्या चिखलावर लांबवर पडायची. ओळंबा ती सावली बघून खूश होता. दोन्ही कडा सरळ, वरची रेघ सरळ. एका सकाळी मात्र त्या वरच्या रेघेवर, उजव्या कोपऱ्यात, त्याला एक गोळा दिसला. गोळ्यातून सळईचं टोक बाहेर आलं होतं.

 छज्ज्यावर मालाचा लपका सुकून राहिला, आणि त्यातून सळई बाहेर. शिकाऊ पोरानं असं काम केलं असतं, तर त्यानं त्याला घमेल्यासकट हाकललं असतं. तो ताबडतोब छन्नी-हातोडा घेऊन उठला. पत्र्याचं दार करकरलं. बाहेर येऊन, टाचा उंचावून त्यानं छज्जा हातानं चाचपला. छज्जा तुळतुळीत होता. गोळा नव्हता, सळई नव्हती.

तो आत येऊन बसला. थोड्या वेळानं सावलीवर गोळा परत होता.

पुढे रोज हेच. गोळा दिसायचा, तो बाहेर जायचा, गोळा नसायचा. कधी सळई डावीकडे वळलेली, कधी उजवीकडे. सूर्य सरकतो तशी सावली फिरते, असं त्यानं मनाशी जुळवलं. एकदा गोळा मध्येच लांब झाला आणि परत आखूड झाला. ते त्यानं धुक्यावर ढकललं. एक अडचण पक्ष्याची होती, दुसरी गिलाव्याची. दोन्ही शेजारीशेजारी उभ्या होत्या. पण ओळंबा एका वेळी एकच काम हातात घेणारा माणूस होता.

कापडी आडोशांतली मंडळी मात्र ह्या थंडीत भलतीच खुशीत होती. डॉक्टर तर ओळंब्याची सरबराईच करू लागला. झरोक्यातून चहाचा पेला आत द्यायचा.

"बसा, मिस्त्री. बाहेर कशाला येता गारठ्यात?"

"छज्ज्यावर गोळा आहे."

"असू द्या. अजिबात हलू नका. थोडंच दुखेल." आणि सवयीनं पुढे म्हणायचा, "तोंडही बंदच ठेवा."

ओळंब्याला वाटलं, हे लोक आपल्या बांधकामाची कदर करतात. शिकलेले असले तरी नजर आहे.

थंडी उतरणीला लागली. दव कमी झालं. लेकाचा फोन आला, येत्या सुट्टीला सकाळीच पोचतो.

त्या रात्री जेवताना बायको म्हणाली, "डॉक्टरांकडून एखादा फोटो मागून आणा. त्यांच्याकडे खंड्याचे ढीगभर आहेत, राखणदार सांगत होता."

"दुसऱ्यानं चढवलेली भिंत मी माझी म्हणून दाखवत नाही."

"भिंत नाही मागत. फोटो मागतेय."

"तेच ते."

"तेच ते कसं? भिंतीत राहता तरी येतं." तिनं ताट पुढे सरकवलं.  "मला ती खिडकीतली बाई नको आहे," ती म्हणाली. "आता म्हातारपणी मला कुणाच्या खिडकीसमोर उभं राहून दिवस काढायचा नाही. तुम्ही काहीही काढा, पण पाण्याशिवाय दुसरं काहीतरी काढा."

ओळंब्यानं मान हलवली. तिनं इतकं सरळ कधी मागितलं नव्हतं.

लेक यायच्या आदल्या सकाळी तो अंधार फिटायच्या आत खोपटात जाऊन बसला. सूर्य वर आला. सावली चिखलावर पसरली. वर्तुळं उठली, विरली. खंड्या काही मिळाला नाही. ऊन चढत चाललं, आणि कोपऱ्यातला गोळा सळईसकट त्याच्याकडे बघत बसला होता.

त्याचा संयम सुटला. घरी कुणी विश्वास ठेवत नव्हतं की असा काही गोळा आहे. बायको तर म्हणाली होती, तुमच्या डोक्यात आहे. तेव्हा निदान ही चूक तरी पुराव्यानिशी दाखवावी म्हणून त्यानं कॅमेरा खाली वळवला. सावली काही उडून जाणार नव्हती, म्हणून त्यानं लेव्हलपट्टी ठेवली, बुडबुडा मधोमध आणला, श्वास रोखला आणि आपल्या बांधकामातल्या दोषाचा एक फोटो काढला. थंडीभरात त्यानं एवढा नीट फोटो काढला नव्हता.

लेक आला. हातपाय धुतले, चहा घेतला, आणि कॅमेरा हातात घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. बायको ओट्यापाशी उभी राहिली. तिच्या हातात रिकामी कढई होती आणि ती तीच घासत होती.

लेक फोटो पुढे सरकवत राहिला. पाणी. पाणी. वर्तुळं. मोठी वर्तुळं. ओळंब्याचा बूट. पाणी.

"बाबा, पक्षी?"

"येतो रोज. थांबत नाही."

लेकानं आईकडे बघितलं. आईनं कढईकडे बघितलं. लेकाच्या चेहऱ्यावर समजूतदारपणा पसरायला लागला, आणि तो तर रागापेक्षा वाईट. तो काहीतरी मऊ बोलणार होता. पण अंगठा पुढे सरकला आणि तो थांबला.

"तो बघू नकोस," ओळंबा म्हणाला. "ती माझ्या कामातली चूक आहे."

"कसली चूक?"

"छज्ज्यावर गोळा राहिलाय. सळई बाहेर आली आहे. छन्नी लावायला गेलो की सापडत नाही."

लेकानं फोटो डोळ्यांजवळ नेला. चिखलावर सरळ रेघांची लांबलचक सावली होती. कोपऱ्यात एक पक्षी बसला होता. मान खांद्यात घेतलेली, चोच पाण्याकडे रोखलेली, डोक्यावरची विस्कटलेली पिसंसुद्धा दिसत होती.

"बाबा, हा खंड्या आहे."

"सळई आहे ती."

"चोच आहे."

बायकोनं कढई ठेवली, हात पुसले आणि येऊन बघितलं. तिला वेळ लागला नाही. "अहो, हा तर तुमच्या डोक्यावर बसतो."

ओळंबा उठला, पायात चपला घातल्या आणि तळ्याकडे निघाला. मागून लेक, त्याच्यामागून हात पदराला पुसत बायको. ओळंबा खोपटात शिरला. लेक बाहेर, डॉक्टरच्या आडोशापाशी थांबला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "गोळा आला."

"बसलाय," लेक हळूच म्हणाला.

"सळई डावीकडे वळली."

"त्यानं मान वळवली."

 मग पत्र्याचं दार करकरलं, खंड्या भुर्रकन गेला, आणि कापडी आडोशांतून चारपाच जण एकदम कण्हले. ओळंबा थेट डॉक्टरपुढे जाऊन उभा राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बघायला बाहेर आला असता."

"आलोच असतो."

"म्हणून." डॉक्टरनं खांदे उडवले. "तुम्ही आत, तो वर. तुम्ही बाहेर, तो नाही. मिस्त्री, आम्ही इतकी वर्षं येतोय, पण असा ठिकाणावर बसणारा खंड्या कधी मिळाला नव्हता. छज्जा फार चांगला काढलाय तुम्ही. त्याला तिथून मासे सरळ दिसतात."

ओळंब्यानं छज्ज्याकडे वळून बघितलं. गोळा नव्हता. काम स्वच्छ होतं. इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखे त्याचे खांदे खाली आले, आणि फोटोची गोष्ट त्याला खरं तर मागाहून आठवली. मग त्यानं खिशातून ओळंबा काढला, दोरी सोडली, एक डोळा मिटला आणि काठाकाठानं पुढे चालत गेला.

"बाबा, काय बघताय?"

"दुसरं बांधतो. ह्या बाजूला. तिथून ह्या छज्ज्यावरचा पक्षी समोर दिसेल."

"आणि तो उठून नव्या छज्ज्यावर बसला तर?"

ओळंब्यानं विचार केला. प्रश्न रास्त होता. "मग तिसरं," तो म्हणाला. "पलीकडे. तिथून दोन्ही दिसतील."

लेक हसला नाही. वडिलांचा आवाज त्याला लहानपणापासून माहीत होता. पहाटे जेवणाचा डबा घेऊन निघताना ते ह्याच आवाजात बोलायचे. सोफ्यावर पाय वर घेणाऱ्या माणसाला हा आवाज नव्हता. तो आईकडे वळला.

"आई, तू फोनवर सरळ खोटं बोललीस ना?"

"तेव्हा खोटं होतं," ती म्हणाली.

"आणि त्या खोलीचं काय करू? पलंगसुद्धा आणलाय."

"पाहुणे आले की निजव त्यांना. आम्हीही येऊ की पाहुणे म्हणून. चार दिवस." तिनं जरा थांबून पुढे जोडलं, "फरश्यांना हात लावणार नाहीत, हे मी बघते."

राखणदार लगबगीनं आला. "मिस्त्री, त्या जागी पाया नाही. तिथे दुरुस्ती म्हणता येणार नाही."

"शेवाळ्याखाली बघ," ओळंबा म्हणाला. "कुठे ना कुठे असेलच पाया."

राखणदार खरंच वाकून शेवाळं बाजूला करायला लागला. लेकानं बूट काढले, पॅन्ट वर दुमडली आणि गवतातल्या विटांनी घमेलं भरलं. ते उचलायला वाकला, तसा ओळंब्याचा आवाज काठाभर गेला.

"कमरेतून वाकू नकोस. गुडघ्यातून वाक. आणि विटा आधी खरवड, मग भर."

लेकानं घमेलं खाली ठेवलं, विटा बाहेर काढल्या आणि पहिल्या विटेवरचा चुना खरवडायला बसला. त्या आवाजानं उरलेसुरले बगळेही उठले. डॉक्टर आडोशातून बाहेर आला, समोरच्या रिकाम्या पाण्याकडे बघितलं आणि तिकाटणं गुंडाळायला लागला.